पर्जन्यमापकावरचा डबा

सकाळचे आठ वाजायला पाच मिनिटं असली की सुनिल्दा चायापा फडकं घेऊन घरामागे जायची. तिथे कमरेइतक्या उंच खांबावर तांब्याचं एक नळकांडं बसवलेलं होतं आणि त्यावर दुधाच्या पावडरीचा मोठा पत्र्याचा डबा उपडा घातलेला असे. ती डब्याच्या बुडावरची धूळ पुसायची, डबा बाजूच्या दगडावर ठेवायची, नळकांड्यातलं भांडं काढून उजेडात धरायची, परत जागेवर ठेवायची आणि वर पुन्हा डबा घालायची. मग स्वयंपाकघरात येऊन वहीत तारखेपुढे लिहायची: ०.०.

हे ती सव्वीस वर्षं करत होती. त्याआधी बारा वर्षं तिचे वडील फोर्तुनातो करत. दोघांच्या मिळून अडतीस वर्षांच्या वह्यांमध्ये शून्याखेरीज दुसरा आकडा नव्हता.

तामारकाया हे चिलीच्या उत्तर टोकाकडच्या वाळवंटातलं गाव. पश्चिमेला पंच्याऐंशी किलोमीटरवर जगातला सगळ्यात मोठा महासागर आहे आणि त्याचा इथे काही उपयोग नाही. समुद्रावरचं धुकं किनाऱ्याच्या डोंगरापर्यंत चढतं आणि तिथूनच मागे फिरतं. पूर्वेच्या पर्वतांवर उन्हाळ्यात विजा चमकतात. गावातून त्यांचा उजेड दिसतो, आवाज येत नाही. पाणी आहे ते पायाखाली. विहिरीला आठ-नऊ मीटरवर लागतं, खारट. गावाभोवतीची तामारुगोची झाडं त्याच पाण्यावर जगतात. मेलेलं कुत्रं इथे कुजत नाही, वाळतं. गावाच्या वेशीवर एक आहे, सुनिल्दाच्या लग्नाच्या वर्षापासून. तिचा नवरा लग्नानंतर सहा वर्षांत खाणीवर गेला आणि परत आला नाही. कुत्रं मात्र आहे.

घरं मिठाची. जमिनीवर मिठाचा हातभर जाड थर आहे. तो कुदळीने फोडून त्याचे चिरे काढायचे, एकावर एक रचायचे आणि मिठाचाच चुरा पाण्यात कालवून सांधे भरायचे. उन्हाने भिंत वर्षागणिक घट्ट होत जाते. आजोबांनी बांधलेली भिंत नातवाला खिळा ठोकू देत नाही. अट एकच, पाऊस पडता कामा नये.

दोन हजार नऊच्या एप्रिलमध्ये विल्फ्रेदो मोस्कोसो तिच्या दारात येऊन उभा राहिला. तो ग्रामसमितीचा अध्यक्ष, वय सदुसष्ट, बावीस वर्षांपासून विधुर. हातात कागद होता.

“सुनिल्दा, तुझ्या शून्यांना भाव आलाय.”

“टोपलीभर घेऊन जा, दादा. घरात ठेवायला जागा नाही.”

“हसू नको. नगरपालिकेतून पत्र आलंय. जगातलं सगळ्यात कोरडं वस्तीचं गाव म्हणून आपली नोंद होणार. खालच्या खोऱ्यातले ते लोक इतकी वर्षं मिरवतात ना, त्यांच्या वहीत दोनदा पाऊस आहे. दोनदा! आपल्याकडे एकदाही नाही.”

“मग काय मिळणार? आणखी ऊन?”

“महामार्गावर फलक लागणार. परदेशी लोकांच्या बसगाड्या वळणार. आणि फलक लागला की विजेची तार येणार, असं नगराध्यक्षांनी लिहून दिलंय. सही आहे, बघ.”

गावात वीज म्हणजे जनरेटर, संध्याकाळी सात ते अकरा. शाळा चार वर्षांपूर्वी बंद पडली होती. एकोणीस घरांत मिळून एकतीस माणसं उरली होती आणि त्यातली पाच माणसं, विजेची तार आली नाही तर वर्षअखेरीला बंदराकडे जाणार, असं सांगून बसली होती. विल्फ्रेदोने हे सगळं पुन्हा सांगितलं नाही. गरज नव्हती.

“हवामान कचेरीतून एक बाई तपासणीला येणार आहे,” तो म्हणाला. “यंत्र बघेल, वह्या बघेल, सही करेल. तू फक्त केस विंचरून ठेव.”

तो गेल्यावर सुनिल्दाने पत्र दोनदा वाचलं आणि वहीत घालून ठेवलं. त्या दिवशी दुपारी ती जेवली नाही.

डब्याची गोष्ट अशी होती. एकोणीसशे एकाहत्तरमध्ये सरकारने तामारकायात पर्जन्यमापक बसवला आणि फोर्तुनातोला त्याची राखण दिली. या भागातली धूळ पिठाहून बारीक असते. पहिल्याच वर्षी तिने नळकांड्याची चाळणी बुजवून टाकली. फोर्तुनातोने तसं कळवल्यावर कचेरीचं उत्तर आलं: चाळणी कायम स्वच्छ ठेवावी. सरकारने त्याच्या नावाने लिहिलेलं आयुष्यातलं ते पहिलं पत्र. त्याने ते काचेत बसवलं आणि यंत्रावर डबा उपडा घातला.

सुनिल्दा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने विचारलं होतं, “पण बाबा, पाऊस आला तर?”

“आला तर काढू. पावसाला यायला वेळ लागतो, धूळ काय सांगून येते?”

जिथे रोज धूळ पडते आणि पाऊस कधीच पडत नाही, तिथे हे कोणालाच वेडगळ वाटलं नाही. पुढच्या वर्षांत चार-पाचदा भरदिवसा थेंब आले. दरवेळी कोणीतरी ओरडायचं, “डबा काढा! डबा काढा!” घरातलं कोणीतरी धावायचं आणि डबा हातात येईपर्यंत थेंब थांबलेले असायचे. भांडं कोरडं. मोजण्याइतका नव्हता, असं लोक म्हणायचे आणि वहीत शून्य लागायचं. तपासनीस दोनदा येऊन गेले. पाहुणे येणार म्हटलं की चांगल्या खुर्चीवरचं फडकं काढून ठेवतात, तसा फोर्तुनातोने आणि नंतर सुनिल्दाने डबा आत नेऊन ठेवला होता. त्यांनी यंत्र बघितलं, तांबं कसं चकचकीत ठेवलंय म्हणून कौतुक केलं आणि गेले.

एवढंच असतं, तर सुनिल्दाचं जेवण चुकलं नसतं.

जुलैच्या मध्यावर ला तिरानाच्या देवीची जत्रा असते. तामारकायाचं सगळं गाव तिकडे जातं, नाचणाऱ्यांचा ताफा घेऊन, आठ-दहा दिवसांसाठी. एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या जत्रेला गावात एकटा आबुन्दियो तिकुना मागे राहिला. तो गवंडी. चॅपलची, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चची, आणि अर्ध्या गावाची मिठाची भिंत त्याच्या किंवा त्याच्या बापाच्या हातची होती. त्याचा पाय मुरगळला होता म्हणून तो गेला नाही.

एकोणीस जुलैला लोक परतले. लंगडत वेशीपर्यंत येऊन त्याने सांगितलं, “चौदा तारखेला पहाटे पाऊस पडला. तासभर.”

लोक इतके हसले की ताफ्यातल्या ढोलकऱ्याने ढोल खाली ठेवला.

“बाटली कितीची होती, आबुन्दियो?”

“एकटाच प्यायलास? आमच्यासाठी थेंब तरी ठेवायचा!”

आबुन्दियो चिडला नाही. आपलं म्हणणं तो रोज सांगत राहिला. चॅपलची दक्षिणेची भिंत पायाशी ओली झाली आहे, बाहेरून वाळलेली दिसते पण आतून मऊ आहे. तिला टेकू द्यावा लागेल आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आत गर्दी करू नये. तीस ऑगस्टला गावच्या पालक संताचा सण होता. तेव्हा चॅपलची किल्ली विल्फ्रेदोकडे असायची. सणाच्या आठवडाभर आधी तो फोर्तुनातोच्या घरी आला. फोर्तुनातोची नजर अधू झाली होती, वही चार वर्षांपासून सुनिल्दाकडे होती.

“खरं सांग, पाऊस पडला का?” विल्फ्रेदोने तिला विचारलं.

सुनिल्दा सत्तावीस वर्षांची होती. ती म्हणाली, “भांडं कोरडं होतं.”

ते खरं होतं. पण जत्रेहून आल्या दिवशी ती यंत्रापाशी गेली तेव्हा डब्याच्या बुडावर तिला वेगळंच काही दिसलं होतं. उपड्या डब्याच्या बुडाला कड असते. त्या कडेच्या आत रोजच्यासारखी सुटी धूळ नव्हती. पातळ पापडी होती, वाळून तडकलेली, भेगाभेगांची. धूळ भिजून वाळली की होते तशी. सुनिल्दाने ती क्षणभर बघितली आणि फडक्याने पुसली. रोज पुसायची म्हणून पुसली आणि आत जाऊन जत्रेतल्या सगळ्या दिवसांपुढे शून्यं लिहिली. ती पहिल्या ट्रकने परतली होती; वेशीवर आबुन्दियो काय सांगतोय हे तिला त्यानंतर तासाभराने कळलं.

विल्फ्रेदोने विचारलं तेव्हा वडील शेजारी बसले होते. भिंतीवर काचेत सरकारचं पत्र होतं. पापडीचं सांगायचं तर डब्याचं सांगावं लागलं असतं आणि डब्याचं सांगायचं तर सोळा वर्षांच्या वह्यांचं. ती भांड्याबद्दल बोलली आणि थांबली.

सणाच्या दिवशी चॅपल उघडलं. प्रार्थना चालू असताना दक्षिणेची भिंत बसली. विल्फ्रेदोची बायको ओर्तेन्सिया भिंतीलगत मेणबत्त्या लावत होती. तिला बाहेर काढलं तेव्हा केसांत मीठच मीठ होतं. गावातल्या बायका अजून सांगतात की जणू एका सकाळीत म्हातारी झाली.

भिंतीने जीव घेतला म्हटल्यावर गवंड्याला जाब विचारला गेला. आबुन्दियो पुन्हा पावसाचं बोलला. लोकांनी वही मागवली. सुनिल्दाने ती चॅपलच्या पायरीवर उघडून दाखवली. चौदा जुलै, ०.०. विल्फ्रेदो आबुन्दियोच्या अंगावर धावून गेला, दोघा-तिघांनी धरलं. महिन्याभरात आबुन्दियो बायको-मुलीला घेऊन बंदराकडे गेला. पुन्हा त्याने कधी भिंत बांधली नाही, असं ऐकिवात होतं.

मे महिन्यात तपासणीची बाई आली. मारियानेला ओयार्सो, तिशीची, चिलीच्या दक्षिणेकडच्या बेटावरची. तिकडे वर्षाचे दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो. गाडीतून उतरल्या उतरल्या तिचं नाक रक्ताळलं.

“होतं असं,” विल्फ्रेदो तिला रुमाल देत म्हणाला. “आमची हवा पाहुण्यांची आधी चव घेते.”

“आमच्याकडची पाहुण्यांना बुरशी लावते,” ती म्हणाली. “माझ्या आईच्या घरात बूट आठवडाभर ठेवले की हिरवे होतात.”

तिच्यासाठी विल्फ्रेदोच्या सुनेने सोपाइपिया तळल्या होत्या. आपल्या घारग्यांसारख्या, भोपळ्याच्या. मारियानेला हसली. “आमच्याकडे या फक्त पाऊस लागला की तळतात. पाऊस नसताना तळल्या तर आजी ओरडायची.”

“तुमच्या आजीच्या नियमाने आम्ही एकही न खाता मेलो असतो.”

सुनिल्दा हसली नाही. आदल्या संध्याकाळी तिने डबा यंत्रावरून काढून आत नेला होता. सकाळी पुन्हा बाहेर आणला होता आणि परत आत नेला होता. आता तो स्वयंपाकघरात चुलीशेजारी होता, सगळ्यांना दिसेल असा. कोणाला त्याचं काही वाटण्याचं कारण नव्हतं.

मारियानेलाने यंत्र तपासलं, खांब ओळंब्यात आहे का पाहिलं. मग वह्या घेऊन बसली. दोन तास पानं उलटत होती. विल्फ्रेदो दारात उभ्या उभ्या टोपी फिरवत होता.

“एक विचारू, दोन्या सुनिल्दा?” ती शेवटी म्हणाली. दोन्या म्हणजे बाई, मान देऊन. “कोरड्यातल्या कोरड्या ठिकाणीसुद्धा अडतीस वर्षांत एखादी नोंद असते. मोजता येत नाही इतका, पण पडला, अशी. तुमच्याकडे तीही नाही.”

“म्हणून तर आम्ही पहिले!” विल्फ्रेदो म्हणाला.

“हो. तसंच दिसतं.” तिने उठून पाठ ताणली, अंगणाच्या दक्षिणेकडच्या भिंतीपाशी गेली आणि चिऱ्यांवरून हात फिरवला. “या बाजूच्या कडा गोल कशा झाल्यात? त्या बाजूच्या धारदार आहेत.”

“वारा,” विल्फ्रेदो म्हणाला.

“वारा तर पश्चिमेचा आहे ना इथे?”

“वाऱ्याचं काय, बाई. त्याला कोण विचारणार?”

ओटीवर येऊन मारियानेलाने पिशवीतून छापील कागद काढला, शिक्का काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. सुनिल्दाने ते पेन पाहिलं. नंतर एकदा तिने सांगितलं की पेन नसतं दिसलं तर कदाचित ती गप्पच राहिली असती. बावीस वर्षांपूर्वी चौदा जुलैचं शून्य तिनेही असंच टोपण काढून लिहिलं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली, डबा घेऊन आली, अंगण ओलांडून यंत्रापाशी गेली आणि डबा त्यावर उपडा घातला.

“हा असा असतो,” ती म्हणाली. “रोज. अडतीस वर्षं.”

मारियानेला यंत्रापाशी आली. “म्हणजे… मोजायच्या वेळी काढता?”

“सकाळी आठला. मग परत घालते. धूळ जाते ना आत.”

“पाऊस पण जात नाही.”

“नाही.”

विल्फ्रेदो पुढे आला. “अहो, पाऊस आला की काढतात! आम्ही सगळे धावतो. विचारा कोणालाही. सुनिल्दा, सांग की बाईंना.”

“जत्रेच्या वेळी कोण होतं धावायला?” सुनिल्दा म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मग तिने पापडीचं सांगितलं. तारीख सांगितली, कडेच्या आतल्या भेगा सांगितल्या, फडकं सांगितलं. बोलायला तीन-चार वाक्यं लागली.

विल्फ्रेदोने टोपी डोक्यावर घातली. “तू मला सांगितलंस, भांडं कोरडं आहे.”

“कोरडंच होतं, दादा.”

तो अंगणातून निघून गेला. दार त्याने आपटलं नाही. हळूच ओढून घेतलं.

मारियानेलाने पेनाला टोपण लावलं. वाईट तिलाही वाटलं असावं. तिने वह्या बराच वेळ हाताखाली धरून ठेवल्या. मग म्हणाली, “या आता कशाचा पुरावा नाहीत, दोन्या सुनिल्दा. पडला नाही असंही म्हणता येणार नाही, पडला असंही नाही. मला सगळ्यांपुढे ‘मोजले नाही’ लिहावं लागेल.”

“सगळ्या?”

“सगळ्या. तुमच्या वडिलांच्या पण.”

फलक लागला नाही. खालच्या खोऱ्यातल्या गावाने जूनमध्ये त्यांचा जुना फलक नव्याने रंगवून घेतला. विजेच्या तारेबद्दल नगरपालिकेने लिहिलं की विषय पुढील अंदाजपत्रकात पाहिला जाईल. जी पाच माणसं वर्षअखेरीला जाणार होती, ती जूनच्या शेवटीच गेली. त्यांच्यातली एक, दुकानवाली यास्ना, जाण्याआधी सुनिल्दाच्या दारात आली होती.

“मावशी, तुम्हाला बावीस वर्षं गप्प बसता आलं,” ती म्हणाली. “आणखी एक महिना जमलं नसतं?”

गावात तिला कोणी शिव्या दिल्या नाहीत. बोलणंच कमी झालं. विहिरीवर ती आली की बायका घागरी भरून लगेच निघायच्या. त्या वर्षी जत्रेला जाणाऱ्या ट्रकमध्ये तिच्यासाठी जागा ठेवली नव्हती, मागितलीही नव्हती.

गाव जत्रेत असताना ती बसने बंदराला गेली. बंदराच्या वर, डोंगरमाथ्यावर, पत्र्याच्या आणि फळ्यांच्या घरांची मोठी वस्ती आहे. विचारत विचारत आबुन्दियोची मुलगी एल्सिरा हिचं घर सापडलं. आबुन्दियो एक्याऐंशी वर्षांचा होता. अंगणात घोंगडी पांघरून बसला होता. समुद्रावरचं धुकं कुंपणातून आत येत होतं आणि पत्र्यावरून थेंब टपकत होते.

“कोण? फोर्तुनातोची पोर?” तो म्हणाला. “शून्यवाली?”

“हो, काका.”

“म्हातारी झालीस. एल्सिरा, चहा टाक. गावाकडचं माणूस आलंय. काय, लग्नाची बोलणी करायला आलीस का? मी एकटाच आहे आता.”

एल्सिरा हसली. सुनिल्दाने चहा येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण थांबली नाही. तिने सगळं सांगितलं. संपल्यावर म्हाताऱ्याने घोंगडी खांद्यांवर ओढून घेतली.

“हे सांगायला आलीस?”

“हो.”

“तुला कोणी बोलावलं होतं?”

“नाही, काका.”

“पहिली पाच वर्षं मी म्हणत होतो, पडला. इथे बंदरावर कोणाला सांगायचो तर विचारायचे, मग काय झालं? इथे कोणाला मिठाच्या भिंती माहीत? मग मी म्हणायला लागलो, नसेल पडला. सांध्यात माती जास्त झाली असेल. माझ्या बापाने मला सांगितलं होतं, माती कमी घाल. तसं पाद्रीला सांगितलं. त्याने माफ केलं. एल्सिराच्या आईला तिच्या शेवटच्या दुखण्यात सांगितलं, माझ्याच हातून झालं. ती तसंच धरून गेली. म्हणाली, बरं झालं बोललास. आता तिला कोण जाऊन सांगणार? तू?”

एल्सिरा चहाचे पेले घेऊन दारातच उभी राहिली होती.

“खरं होतं म्हणून आले,” सुनिल्दा म्हणाली.

“खरं मला ठाऊक होतं, पोरी. मी भिजलो होतो.”

त्यानंतर ते दोघं चहा प्यायले. सुनिल्दाने विचारलं, गावाकडे याल का, मी सगळ्यांसमोर सांगेन. तो म्हणाला, “ओर्तेन्सियाचा नवरा आहे अजून?”

“आहे.”

“त्याला सांगितलंस? काय म्हणाला?”

“काही नाही.”

“मग मी येऊन काय म्हणू?”

ती निघाली तेव्हा तो उठला नाही, पण कुंपणापाशी पोचल्यावर त्याने हाक मारली. “वहीत काय लिहिलंय आता?”

“मोजले नाही.”

“मी मोजला होता. घमेलं बाहेर होतं माझं, रिकामं. उजाडल्यावर पाहिलं. नखभर पाणी होतं तळाला. अंगठ्याच्या नखाएवढं.” त्याने अंगठा वर करून दाखवला, नख काळं आणि जाड होतं. “लिहायचं असेल तर लिही. माझ्यासाठी नको लिहूस.”

गावी परतल्यावर तिने ते लिहिलं. वहीच्या शेवटच्या रकान्यात शेऱ्यासाठी जागा असते. अडतीस वर्षांत तो रकाना वापरला गेला नव्हता. चौदा जुलै एकोणीसशे सत्त्याऐंशीपुढे तिने लिहिलं: पहाटे, तासभर. घमेल्यात नखभर. पाहणारा: आबुन्दियो तिकुना, गवंडी. कचेरीच्या दृष्टीने या नोंदीला अर्थ नव्हता. मारियानेलाने सप्टेंबरमध्ये आपोआप मोजणारं यंत्र पाठवायचं कळवलं होतं. त्यानंतर वहीच लागणार नव्हती.

तोवर ती रोज आठला जायची. डबा आता घालत नसे. त्यामुळे चाळणी रोज बुजायची आणि ती रोज काडीने, मग ब्रशने साफ करायची. पंधरा-वीस मिनिटं लागायची.

सणाच्या आदल्या सकाळी ती चाळणी साफ करत असताना विल्फ्रेदो मागच्या फाटकातून आत आला. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. दाढी वाढलेली होती.

“तो डबा कुठे आहे?” त्याने विचारलं.

तिने आतून आणून दिला. त्याने तो उपडा करून दोन्ही हातांत धरला आणि बूड उजेडाकडे वळवलं. कडेच्या आतून बोट फिरवलं, एकदा पूर्ण गोल. बोट बघितलं. पुन्हा फिरवलं, या वेळी नखाने, सांध्याच्या फटीतून. पत्रा झिजून पांढरा पडला होता. सव्वीस वर्षं ती तो रोज पुसत आली होती.

“इथे होती?”

“इथे. सगळीकडे. कडेपर्यंत.”

“काहीच नाही आता.”

“नाही, दादा.”

“चांगलं पुसलंस,” तो म्हणाला आणि डबा दगडावर ठेवून आला तसा फाटकातून निघून गेला. चॅपलची किल्ली अजून त्याच्याकडेच होती. उद्यासाठी झाडलोट करायची होती. पत्र्याची भिंत आहे तिथे आता, दक्षिणेला.

आठ वाजून गेले होते. सुनिल्दाने चाळणी बसवली, भांडं उजेडात धरलं आणि आत येऊन वहीत लिहिलं: ०.०.